पिकअपसाठी सिंथेटिक ऑइल: आधी पुस्तिका, मग कॅन, भाव सगळ्यात शेवटी

दुकानात शिरल्या शिरल्या "सिंथेटिक कितीला?" असं विचारलंत, तर निम्मी चूक तिथेच झाली. हा प्रश्न यादीत पाचवा येतो. त्याआधीचे चार सोडून दिल्यामुळे महागाचं ऑइल टाकूनही इंजिनाचं नुकसान होतं.

मी स्वतः हेच केलं होतं. माझ्याकडे दोन पिकअप आहेत, एक बीएस-४ आणि एक बीएस-६ (हे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष, बीएस-६ नवा). दोन्ही पहाटे वाशी मार्केटमधून माल उचलून कळवा-ठाण्यात उतरवतात. दोन्हींना मिळून मी वीस लिटरची एकच बादली आणली. ग्रेड (ऑइलची जाडी) पंधरा-चाळीस, म्हणजे १५डब्ल्यू-४०, कॅटेगरी (ऑइलचा दर्जा) सीआय-४ प्लस. शंका आली म्हणून मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, डिझेल ते डिझेल. ऑइलला काय कळतंय गाडी जुनी की नवी?" ऑइलला खरंच कळत नाही, पण डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीला, कळतं. काही महिन्यांनी बीएस-६ गाडीने ऐरोली पुलावर दम सोडला. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा आणि मागे मेथी-कोथिंबिरीचा लोड. सगळा दोष ऑइलचा नव्हता, माझ्या फेऱ्याही आखूड होत्या. पण जे बिल आलं, त्यात वर्षभराचं योग्य ऑइल आलं असतं.

खालचा क्रम त्यानंतर बसवलेला आहे. तो उलटसुलट करू नका.

टप्पा १: गाडीची कागदं बाहेर काढा

दुकानात जायच्या आधी चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहा.

पहिली, इंधन: डिझेल, पेट्रोल की सीएनजी. दुसरी, एमिशन नॉर्म: बीएस-४ की बीएस-६. हे आरसीवर छापलेलं असतं. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, पण त्याच्या आगेमागे घेतलेल्या गाडीबद्दल अंदाज बांधू नका, आरसीच बघा. तिसरी, ओनर्स मॅन्युअलच्या मागच्या पानांवरचा 'इंजिन ऑइल' हा रकाना. त्यातली ग्रेड आणि कॅटेगरी अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. चौथी, फिल्टरसकट किती लिटर लागतं तो आकडा.

मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलांचं मिळतं. नाहीतर चासी नंबर सांगून सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. शेजारच्या गाडीवाल्याला विचारू नका. नाव तेच असलं तरी त्याच्या बोनेटखाली वेगळं इंजिन असू शकतं.

तपासा: चिठ्ठीवर '१५डब्ल्यू-४०' किंवा '५डब्ल्यू-३०' एवढंच लिहिलेलं असेल तर काम अर्धंच झालंय. त्याच्या शेजारी सीके-४, सी३ किंवा एसपी असं काहीतरी असलंच पाहिजे.

टप्पा २: कॅटेगरी ठरवा, ग्रेड नंतर

बहुतेकांचं इथेच चुकतं. ग्रेड कॅनवर मोठ्या अक्षरात असते म्हणून डोळा तिच्यावर जातो, कॅटेगरी मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. इंजिनाच्या दृष्टीने वजन उलटं आहे.

एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था. तिच्या कॅटेगरीत पहिलं अक्षर 'एस' असेल तर ते पेट्रोल इंजिनासाठी, 'सी' असेल तर डिझेलसाठी. कॅनवर 'सीके-४/एसएन' असं जोडनाव असेल तर ज्या कॅटेगरीचं नाव आधी, तिच्यासाठी ते मुळात बनवलेलं असतं. सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ हा डिझेलचा चढता क्रम आहे. सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये आलं आणि ते मागच्या तिन्हींच्या जागी चालतं. म्हणजे सीआय-४ मागणाऱ्या जुन्या गाडीत सीके-४ खुशाल टाका. सीके-४ मागणाऱ्या गाडीत सीआय-४ मात्र टाकायचं नाही.

कारण राखेत आहे. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त अशा धातूंची अ‍ॅडिटिव्हज असतात. थोडं ऑइल इंजिनात जळतंच, आणि जळालं की धातूंची राख उरते. जुन्या गाडीत ती सायलेन्सरमधून निघून जायची. बीएस-६ डिझेलमध्ये वाटेत डीपीएफची जाळी असते. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी ती जाळी तापवून साफ करते तेव्हा, जळून जाते, राख जळत नाही. ती तिथेच साठते. म्हणून सीके-४ ला सल्फेटेड अ‍ॅशची (जळून उरणाऱ्या राखेची) कमाल मर्यादा १ टक्का आहे आणि एसीईए या युरोपच्या वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या सी३ ला ०.८ टक्के. सीआय-४ ला अशी मर्यादाच नाही.

सीएनजी पिकअपची गोष्ट वेगळी. छोटा हत्ती किंवा सुपर कॅरी सीएनजीवर पळवत असाल तर 'टेम्पोचं ऑइल' म्हणून डिझेलवालं कॅन उचलू नका, ही इंजिनं स्पार्क प्लगवाली असतात. मॅन्युअलमध्ये एसएन किंवा एसपी लिहिलेलं असेल तर तेच घ्या.

सावधान: 'एफए-४' हे नाव सीके-४ च्या धाकट्या भावासारखं वाटतं, पण ते मुद्दाम पातळ केलेलं आणि काही ठरावीक इंजिनांपुरतं ऑइल आहे. मॅन्युअलमध्ये नाव घेऊन सांगितलेलं नसेल तर हात लावू नका.

टप्पा ३: ग्रेड, आणि ठाण्याची थंडी

'१५डब्ल्यू-४०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती जाड राहतं ते. गरम म्हणजे १०० अंश सेल्सिअसला मोजलेलं.

पहिल्या आकड्यावरून आपल्याकडे उगाच भांडणं होतात. १५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची (थंड इंजिन फिरवून सुरू करण्याची) चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. जानेवारीत पहाटे चारला तुर्भ्याला गाडी सुरू करताना आपण स्वेटर घालतो, पण पारा दहाच्या खाली क्वचितच जातो. थंडीसाठी म्हणून इथे शून्य किंवा पाचचं ऑइल घेण्याची गरज नाही. पाचचं ऑइल सुरुवातीच्या काही सेकंदांत वरपर्यंत लवकर पोचतं, तेवढा फायदा खरा.

दुसऱ्या आकड्याशी मात्र खेळू नका. ३० ची जाडी १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक), ४० ची १२.५ ते १६.३. लोड भरून कसारा घाट चढताना क्रँकच्या बेअरिंगला वाचवणारा पडदा या आकड्यावर अवलंबून असतो. चाळीस मागणाऱ्या इंजिनात "पातळ ऑइलने अ‍ॅव्हरेज वाढतं" म्हणून तीस टाकलं, तर डिझेलमध्ये वाचलेले पैसे बेअरिंगमध्ये जातात. उलट बाजूने, तीससाठी बांधलेल्या नव्या इंजिनात "आपल्याकडे गरम होतं" म्हणून वीस-पन्नास ओतणारेही आहेत. उकाडा आपल्याला होतो. इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो, आणि तो ठाण्यात काय नि शिमल्यात काय, जवळपास त्याच आकड्यावर उघडतो.

मॅन्युअल दोन ग्रेड देत असेल, समजा पाच-तीस आणि पाच-चाळीस, आणि तुमची गाडी रोज भरलेली चालत असेल, तर माझं मत चाळीसकडे झुकतं. एकच दिली असेल तर मत देण्याचा प्रश्नच येत नाही.

जुनी गाडी ऑइल खाते म्हणून वीस-पन्नास टाकणं हे दुखणं झाकणं आहे. व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा गेल्यात का ते आधी बघा.

टप्पा ४: किलोमीटर नव्हे, तास मोजा

मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्याची दोन वेळापत्रकं असतात. एक नेहमीच्या वापराचं, दुसरं खडतर वापराचं, बहुधा तळटीपेत. भरलेला लोड, धूळ, सारखं थांबत जाणं आणि आखूड फेऱ्या यांतलं एक जरी लागू असेल तरी दुसरं वेळापत्रक तुमचं. घोडबंदर रोडवर किंवा शिळफाट्याला रोज अडकणाऱ्या पिकअपला ही चारही लागू होतात.

हा हिशेब करून बघा. महामार्गावर सरासरी ताशी ४० किमी पडले तर १०,००० किमी म्हणजे इंजिनाचे २५० तास. आपल्याकडे सिग्नल, जाम आणि गाळ्यासमोर चालू ठेवलेली गाडी धरून सरासरी ताशी १५ पडते. तेच १०,००० किमी आता ६६० तासांच्या वर जातात. मीटर एकच आकडा दाखवतो, ऑइलने अडीचपटीहून जास्त काम केलेलं असतं.

आठवडाभर ड्रायव्हरला गाडी चालू-बंद केल्याची वेळ लिहायला सांगा. माझ्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी "दादा, आता काय हजेरी घेणार का?" म्हणून तोंड वाकडं केलं होतं. सातव्या दिवशी आकडा बघून तोच म्हणाला की मार्केटमध्ये लाइनला असताना इंजिन बंद ठेवत जाऊ.

टप्पा ५: आता सिंथेटिकचा प्रश्न

'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेली बरीच ऑइलं ग्रुप ३ बेस ऑइलची असतात, म्हणजे खनिज तेलावरच जोरदार प्रक्रिया करून काढलेली. ग्रुप ४, म्हणजे पीएओ, हे रसायनं जोडून बनवलेलं आणि महाग. दोन्ही चांगली असू शकतात. पण 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी', 'सेमी सिंथेटिक', 'सिंथेटिक ब्लेंड' या शब्दांवरून आत किती टक्के काय आहे ते कळत नाही. हे शब्द वाचून पैसे देऊ नका, टप्पा २ ची कॅटेगरी जुळते का ते बघून द्या.

सिंथेटिकचा खरा उपयोग टर्बोजवळच्या उष्णतेत दिसतो. तिथे ते लवकर जळून घट्ट होत नाही आणि कमी उडून जातं. बीएस-६ डिझेलला पाच-तीस सी३ सारखं काही मागितलं असेल, तर ते बाजारात बहुतेक सिंथेटिकच मिळतं, तेव्हा निवड उरत नाही. पण चार ठिकाणी गळणाऱ्या, बदलाच्या आतच लिटर-दोन लिटर ऑइल पिणाऱ्या जुन्या गाडीत महागाचं सिंथेटिक म्हणजे फुटक्या माठात आरओचं पाणी. आधी गळती काढा.

पैशाचं गणित असं मांडा. समजा सहा लिटर लागतं आणि फिल्टर ४०० रुपयांचा. साधं ऑइल ३०० रुपये लिटर धरलं तर एका बदलाला २,२०० रुपये. ते ७,५०० किमी चाललं तर हजार किमीला सुमारे २९३ रुपये. सिंथेटिक ५५० रुपये लिटर धरलं तर बदलाला ३,७०० रुपये. ते १५,००० किमी चाललं तर हजारी सुमारे २४७. पण सवयीने तेही ७,५०० लाच काढलं तर हजारी ४९३ पडतात. (भाव फक्त उदाहरणाला घेतलेत, तुमचे टाकून बघा.) म्हणजे सिंथेटिक परवडतं ते मुदत वाढली तरच. आणि ती वाढवायची परवानगी मॅन्युअलने द्यायची असते, कॅनवरच्या जाहिरातीने नाही. वॉरंटीत असाल तर याबाबत वाद घालूच नका.

टप्पा ६: दुकानात

चिठ्ठी पुढे करा. दुकानदार म्हणेल, "हे नाही, पण सेम आहे, सगळे हेच नेतात." कॅन हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. 'सूटेबल फॉर' म्हणजे कंपनीचं स्वतःचं मत. 'मीट्स' म्हणजे आमचं ऑइल त्या पातळीचं आहे असा दावा. 'अप्रूव्हड' आणि पुढे वाहन कंपनीचा क्रमांक असेल तर मंजुरी घेतलेली आहे. एपीआयचं गोल चिन्ह असेल तर त्याच्या वरच्या अर्ध्या भागात कॅटेगरी आणि मधोमध ग्रेड असते. दोन्ही चिठ्ठीशी जुळवा.

मग कॅन खरं आहे का ते बघा. झाकणाची रिंग अखंड हवी. झाकणाखालची फॉइल सपाट, न सुरकुतलेली हवी. बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट छापलेली, नखाने न निघणारी हवी. क्यूआर असेल तर दुकानातच स्कॅन करा. वास घेऊन किंवा बोटांत चोळून काही कळत नाही, तरी सगळे चोळतात. मीही.

सुटं ऑइल, पिंपातून मापाने दिलेलं, पिकअपमध्ये टाकू नका. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर ग्रेड आणि कॅटेगरी लिहून मागा. वॉरंटीचा वाद झाला तर तेवढाच कागद उपयोगी पडतो.

तपासा: टॉपअपसाठी त्याच ऑइलचा एक जादा लिटर आत्ताच घ्या. रात्री मुंब्रा बायपासला ऑइल कमी पडलं तर टपरीवर जे असेल ते घालावं लागतं. अडचणीत तसं घालून घरी यायला हरकत नाही, कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ते बरंच. पण मग पुढचा बदल लवकर करा.

टप्पा ७: बदलताना समोर उभे राहा

ऑइल बरोबर, पण बदल चुकीचा, हेही फार होतं. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन गरम. गार ऑइल जड असतं आणि घाण खालीच राहते. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट काढल्यावर धार थांबून थेंब पडायला लागले तरी आणखी पंधरा मिनिटं थांबा.

इथे मिस्त्री हमखास विचारेल, "डिझेल टाकून धुऊन देऊ का?" नको म्हणा. ते डिझेल पूर्ण बाहेर येत नाही, खाचाखोचांत राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. जुन्या साध्या ऑइलवरून सिंथेटिकवर जात असाल आणि इंजिनात चिखल साचला असेल, तर पहिला बदल ठरल्यापेक्षा लवकर करा. नवं ऑइलच सावकाश धुऊन काढतं. जुन्या इंजिनात त्यानंतर एखादा सील पाझरू शकतो, तोही बघा.

फिल्टर प्रत्येक वेळी नवा. जुना स्क्रू-ऑन फिल्टर काढला की तो उलटा करून त्याची रबरी रिंग त्याच्याच तोंडावर आहे का ते डोळ्यांनी बघा. ती कधीकधी इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की रबरावर रबर बसतं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही दिसत नाही. रस्त्यावर दाब वाढला की रिंग सटकते आणि काही मिनिटांत सगळं ऑइल डांबरावर. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग डब्यावर लिहिलंय तेवढंच आवळा, बहुधा पाऊण फेरा. पान्याने दाबून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फोडून काढावा लागतो.

चेंबरच्या नटाचा वायसर नवा टाका. मग मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. गाडी सुरू करा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. दोन मिनिटांनी बंद करा, फिल्टर आणि नट खालून बघा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि बघा. मग उरलेलं थोडं थोडं टाका.

सावधान: मॅक्सच्या वर भरणं म्हणजे 'जास्त सुरक्षित' नाही. क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस करतो, फेसाला दाब येत नाही, आणि जादा ऑइल ब्रीदरवाटे टर्बोकडे जातं.

बीएस-६ गाडीत ऑइल सर्व्हिसची नोंद स्कॅनरने रीसेट करायची असेल तर ती लगेच करून घ्या. रिकामा कॅन ब्लेडने आडवा कापा, नाहीतर तोच कॅन पुन्हा भरून तुमच्याच पुढ्यात यायचा. काढलेलं काळं ऑइल शटरिंगवाल्याला विकू नका, गटारात तर नाहीच. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, आणि आपली गटारं शेवटी खाडीत, फ्लेमिंगोंच्या जागेत उतरतात. अधिकृत रीसायकलरकडे देणाऱ्या गॅरेजातच काम करा.

टप्पा ८: पुढचे हजार किलोमीटर

आठवड्यातून एकदा, पहाटे गाडी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. रंगावर जाऊ नका. डिझेलमधलं ऑइल काही दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी अंगावर घेतंय. तेच तर त्याचं काम. सीएनजीत उलट फसगत होते. काजळी नसल्यामुळे ऑइल मधासारखं स्वच्छ दिसतं आणि आतून उष्णतेने संपलेलं असतं, म्हणून तिथे तारीख आणि तासच पाळा.

पावसाळ्यात ठाण्याच्या वंदना टॉकीजसारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर सेल्फ मारायच्या आधी डिपस्टिक काढा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे. गाडी ओढूनच न्या.

पातळी थोडी उतरली तर टॉपअप करा. पण बीएस-६ डिझेलमध्ये ती न भरता वर चढलेली दिसली आणि काडीला डिझेलचा वास आला, तर रिजनरेशन अर्धवट राहून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. आखूड फेऱ्यांच्या गाडीला हे होऊ शकतं. जादा झालेलं काढून टाकून चालवत राहू नका, कारण उरलेलंही पातळ झालेलं असतं. ऑइल पूर्ण बदला. त्यानंतर आठवड्यातून एकदा रात्री सायन-पनवेल महामार्गावर गाडी अर्धा तास एका लयीत पळवा. डीपीएफचा दिवा लागलेला असताना वाशीला पोचलात तरी तो विझेपर्यंत गाडी पळवत राहा, इंजिन बंद करू नका.